सिस्टरला झोप लागते का?

वॉर्डात नर्सला जो तो 'सिस्टर' म्हणून हाक मारतो. पण त्या सिस्टरची स्वतःची झोप झाली का, हे सहसा कुणी विचारत नाही. झोप अपुरी राहते आणि ताण साचत जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'बर्नआउट'ची नोंद केली. आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. त्याच्या खुणा तीन. अंगातलं बळ सरतं, कामाबद्दल तुटकपणा येतो आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागतं. यातली दुसरी खूण भारी फसवी. पेशंटचं नाव जाऊन नुसती 'सात नंबरची कॉट' उरते, आणि नातेवाईक म्हणतात, सिस्टर उर्मट आहेत!

रात्रपाळीनंतर दिवसाची झोप उथळ लागते, कारण उजेडात मेलाटोनिन हे संप्रेरक कमी स्रवतं. म्हणून खिडकीला जाड पडदे हवेत. शिवाय पहाटेचा चहा टाळायला हवा, आणि घरच्यांनी टीव्हीचा आवाज कमी ठेवायला हवा. पण एकीवर अख्खा वॉर्ड सोपवला, तर असे घरगुती उपाय कितीसे पुरणार? पुरेशी माणसं आणि हक्काची रजा हवीच.

मन फारच जड झालं, तर 'टेली-मानस' या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. मराठीतूनही बोलता येतं.