राखणदारांनीच मोडलेलं कुंपण

माहूरहून सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्गाशी लढताना प्रतिकारशक्ती अंगावरच उलटलेला, रुग्ण नांदेडला आणला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, भारीचं अँटिबायोटिक दिलं ना?" दिलेलं असतं हो. पण आतड्याचं कुणीच विचारत नाही. म्हणून आज तेच.

माहूर-किनवटकडे जागलीला जाणाऱ्यांना हे लगेच कळेल. दोन रानडुकरं शेतात शिरतात, ओरडा होतो, माणसं काठ्या घेऊन अंधारात धावतात. त्यांच्याच पायाखाली पराटी आडवी होते, काट्याचं कुंपण फाटतं आणि त्याच खिंडारातून अख्खा कळप आत येतो. आतड्याचंही तसंच. त्याचं अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर, एकमेकींना घट्ट बिलगलेला. सेप्सिसमध्ये प्रतिकारशक्ती खवळली की टीएनएफ, इंटरफेरॉन गॅमा असली तिची रसायनं हे सांधे सैल करतात. जंतू मारायला धावलेल्या पांढऱ्या पेशींची विकरं अस्तरालाच पोळतात. त्यात रक्तदाब पडलेला, आतड्याला रक्त अपुरं. मग आतलं विष झिरपतं आणि राखणदार आणखी चवताळतात. मूळ दुखणं न्यूमोनियाचं असलं तरी हे होतं बरं का.

पुन्हा सांगतो, कुंपण राखणदारांनीच मोडलं. मग त्यांनाच हाकलायचं? १९९०च्या दशकात टीएनएफ रोखणारी औषधं सेप्सिसमध्ये वापरून पाहिली, हाती फारसं लागलं नाही. कारण कुंपण शिवणारेही तेच. निरोगी आतडं चार-पाच दिवसांत अस्तर नवं करतं, पण त्याला खाऊ लागतो. रक्तदाब सावरला की आम्ही नाकातल्या नळीतून थोडं थोडं अन्न सुरू करतो, तेव्हा कृपा करून "एवढ्या आजारात कशाला खायला घालता?" म्हणून भांडू नका. आतड्याच्या पेशी त्या अन्नावरही जगतात.

आणि उशीर करू नका. धाप लागली, हातपाय गार पडले, लघवी कमी झाली, माणूस असंबद्ध बोलू लागला, की १०८ला फोन. ताप उतरला म्हणून सकाळची वाट पाहत बसता, तेवढ्यात कुंपण फाटत असतं! नांदेड तुमच्यापासून शंभरावर किलोमीटर आहे.

वेळ संपत आलीय, पण बाळांचं राहिलं. आजीबाई, चीक पिळून टाकू नका. त्यातली आयजीए प्रतिपिंडं बाळाच्या कोवळ्या आतड्यावर लेपासारखी बसतात. आईच्या अशाच दुधासाठी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मुंबईत सायनच्या रुग्णालयात देशातली पहिली मातृदुग्धपेढी काढली. कमी दिवसांच्या बाळांना तिचा काय उपयोग झाला, ते पुढच्या वेळी.