विंचू चावलेलं लेकरू

आज विंचवावर बोलू. डॉ. हिम्मतराव बावस्कर, 2022 चे पद्मश्री, आपल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. काम मात्र कोकणात, महाडला. तिथं लाल विंचवानं लेकरं दगावायची. प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी त्यांनी वापरली आणि मृत्यू साधारण 40 टक्क्यांवरून 1 टक्क्याच्या आसपास आले.

मी कोडिंगवाला, डॉक्टर नाही. पण मला भिडलं ते हे: ठणक्यानं बोंबलणारं, पण हातपाय गरम असलेलं लेकरू बहुधा कमी धोक्यात असतं. त्याला बर्फ, बधिर करायचं इंजेक्शन द्यायलाच पाहिजे. 'रडू द्या, थांबेल' हे मला पटत नाही. शिवाय काही तास दवाखान्यात नजरेखाली ठेवायचं. आणि घामानं भिजलेलं, उलट्या करणारं, हातपाय गार पडलेलं लेकरू गप्प असलं तरी आधी त्याला बघायचं. विषाचा ताण हृदयावर येतो, फुप्फुसात पाणी भरतं. तिथं नुसतं गुंगीचं औषध म्हणजे सर्व्हर पेटलाय आणि आपण अलार्म म्यूट केलाय!

गोळी डॉक्टरच वजनावर ठरवतात. तुम्ही एवढं सांगा: किती वाजता चावला, घाम कधी सुटला, उलट्या किती झाल्या.