अन्य भाषांचे वरदान आणि अर्थाची कसोटी



इंदापूरहून पुण्याकडे निघाले की भिगवण, पाटस, वरवंड मागे पडतात आणि चौफुला लागतो. तेथून केडगाव अगदी जवळ. तुकोबांची पालखी याच वाटेने वरवंडला येते आणि पुढे बारामती, इंदापूर करीत पंढरीला जाते. याच केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन उभे आहे. ख्रिस्ती मंडळी ज्याला ‘अन्य भाषांचे वरदान’ म्हणतात, त्याचा जागतिक इतिहास लिहिताना अभ्यासकांना या गावाचे नाव घ्यावेच लागते.

हे वरदान म्हणजे काय? बायबल सांगते की, पेन्टेकॉस्टच्या सणाला यरुशलेमात येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला आणि देशोदेशीच्या यात्रेकरूंना त्यांचे बोलणे आपापल्या भाषेत ऐकू आले. तोच अनुभव पुन्हा आल्याचा दावा १९०१ साली अमेरिकेतील टोपेका येथे झाला. एप्रिल १९०६ पासून लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर कृष्णवर्णीय धर्मोपदेशक विल्यम सेमूर यांच्या सभा गाजल्या आणि पेन्टेकॉस्टल चळवळ जगभर पसरली.

केडगावची ‘जागृती’ त्याहून आधीची, जून १९०५ मधली. मुली तासन्‌तास रडत, प्रार्थना करीत. पुढे काही जणी अनोळखी उच्चार करू लागल्या. इंग्रजी न येणारी एक स्त्री इंग्रजीत प्रार्थना करीत असल्याचे मिशनरी आल्बर्ट नॉर्टन यांनी १९०७ साली लिहिले. रमाबाईंच्या सहकारी मिनी अॅब्रम्स यांची पुस्तिका दक्षिण अमेरिकेतील चिलीपर्यंत पोहोचली आणि तेथील पेन्टेकॉस्टल चळवळीला तिने चालना दिली.

या उच्चारांत अर्थ असतो का? भाषाशास्त्रज्ञ विल्यम समारिन यांनी अनेक देशांतील असे बोलणे तपासून १९७२ साली ग्रंथ लिहिला. बोलणारा आपल्या परिचयाचेच ध्वनी नव्या क्रमाने जुळवतो. त्यात लय असते, पण व्याकरण वा शब्दार्थ नसतो, हा त्यांचा निष्कर्ष. ते वेडही नव्हे आणि ढोंगही नव्हे, असेही त्यांचे मत होते. आल्फ्रेड गार यांची कथा तर बोलकी आहे. आपल्याला बंगाली भाषेचे वरदान मिळाले, या विश्वासाने ते लॉस एंजेलिसहून कोलकात्याला आले. बंगाली माणसाला त्यातले काहीच कळेना! खुद्द संत पौलानेही करिंथकरांना बजावले होते की, अर्थ सांगणारा कोणी नसेल तर सभेत गप्प बसावे.

आता रमाबाईंकडे पाहा. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या. १८७८ साली कोलकात्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. १८८३ साली इंग्लंडमध्ये तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तिच्या आश्रमात न शिकलेल्या भाषांचा गजर होत असताना ती स्वतः मात्र हिब्रू आणि ग्रीक शिकून सामान्य बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवीत होती. हे काम १९०४ ते १९२२, म्हणजे अखेरच्या दिवसांपर्यंत चालले. तिची श्रद्धा मान्य असो वा नसो, या तपश्चर्येपुढे नतमस्तक व्हावेच लागते.

त्याआधी गोव्यात फादर स्टीफन्स यांनी हेच केले. मराठी शिकून, ओवी आत्मसात करून त्यांनी ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली छापले गेले. मराठी त्यांना आकाशातून मिळाली नाही. त्यांनी ती कष्टाने कमावली.

ही कसोटी दुसऱ्यांपुरतीच ठेवायची का? आपल्या घरी पूजा चालते, मंत्र खणखणीत होतात. यजमानाला त्यांचा अर्थ कळतो काय? संस्कृत ही देववाणी खरी, पण तिचा अर्थ सांगायला कोणी बसले नाही, तर घरातील लेकरांना ती अन्य भाषाच ठरते. ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतार्थ मराठीत आणला तो याच तळमळीने. बारामतीत राहून मोरोपंतांनी महाभारत आर्यांत बांधले, तेही यासाठीच.

आणखी एक कटू सत्य आहे. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांत ज्या शेकडो अनाथ मुली व विधवा केडगावात आल्या, त्यांना कोणत्याही चमत्काराने खेचून आणले नव्हते. भूक होती आणि दार उघडे होते. आपल्या समाजाची किती दारे तेव्हा उघडी होती?

म्हणून एखाद्या प्रार्थनासभेतून अनोळखी उच्चार कानी पडले तर टवाळी करू नये, भयही बाळगू नये. तो त्या माणसांच्या भावनेचा विषय आहे. आपले काम निराळे आहे. दुःखी माणसाला त्याच्याच भाषेत विचारपूस करणारा शेजारी प्रत्येक वस्तीत असला पाहिजे. भुकेल्याला अन्न, मुलीला शाळा आणि विधवेला मान, ही भाषा ऐकणाऱ्याला कधीच परकी वाटत नाही. ती मात्र वरदानाने मिळत नाही. रोज थोडी थोडी शिकावी लागते.