बोअरचं पाणी लाल का होतं?

शहाद्याहून बोलतोय. आमच्या बोअरचं पाणी नळातून अगदी स्वच्छ यायचं, पण बादलीत तासाभराने लालसर व्हायचं. आईच्या पांढऱ्या साडीवर पिवळे डाग पडले. तिने ब्लीच टाकलं, तर डाग आणखी पक्के! मी घाईने आरओ बसवला, त्याचं मेंब्रेन काही महिन्यांतच चोक झालं.

कारण साधं आहे. खोल जमिनीत हवा कमी असते, तिथे लोह पाण्यात विरघळलेलं असतं, म्हणून दिसत नाही. बाहेर हवा लागली की त्याचा गंज होतो. लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या वर गेलं, की डाग पडू लागतात.

मग उपाय हवेतूनच काढला. आता पाणी टाकीत शॉवरसारखं पाडतो, रात्रभर ठेवतो, वाळूच्या फिल्टरमधून गाळतो. तळाचा गाळ अधूनमधून सोडून देतो. यानं जंतू मरत नाहीत हं. पिण्याचं पाणी आम्ही उकळतोच.

आणि एक बघा: सकाळचं पहिलंच पाणी लाल आणि नंतरचं स्वच्छ, असं असेल तर बहुतेक पाइप गंजलाय.

साडी गेली, आरओचे पैसेही गेले. तुम्ही आधी पाणी तपासा, मगच मशीन घ्या. भेटू पुढच्या भागात!