हाताला आलेली विद्या
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात बेळगाव येथे केलेले भाषण)



या समारंभात शिक्षणावर चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. शिक्षणावर बोलणे हा आम्हां मास्तरांचा धंदाच असल्यामुळे नाही म्हणण्याची सोय नव्हती. परंतु गुण, टक्केवारी आणि प्रवेशपरीक्षा यांविषयी आपण वर्षभर ऐकतच असता. ज्या शिक्षणाची गुणपत्रिका कोणी देत नाही, त्या शिक्षणाविषयी आज बोलावे असे आम्ही ठरविले आहे. हाताने काहीतरी करीत बसण्याचा छंद आणि पोटासाठी करावी लागलेली नाना कामे यांतून माणसाच्या अंगी जे येते, ते आमच्या मते शिक्षणच होय. त्याचा आणि आपल्या ट्रस्टचा काय संबंध, ते शेवटी सांगू.

आमचे अब्बा सायकली दुरुस्त करीत. घरी दखनी, शाळेत मराठी आणि दुकानावर येणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांशी कानडी, अशा तीन भाषांत आमचे बालपण गेले. शाळा सुटली की दिवेलागणीपर्यंत आम्ही दुकानात. पहिली दोन वर्षे आमच्याकडे पंक्चरचे काम होते. ट्यूबमध्ये हवा भरून ती घमेल्यातील पाण्यात दाबावयाची, बुडबुडे कोठून निघतात ते पाहावयाचे, तेथे खूण करून ट्यूब पुसावयाची, कानशीने घासावयाची, सोल्यूशन लावावयाचे आणि मग थांबावयाचे. हे थांबणे फार कठीण! ओल्या सोल्यूशनवर ठिगळ दाबले की तेच गिऱ्हाईक संध्याकाळी चाक ढकलीत दारात हजर. किती थांबावयाचे याला घड्याळ नव्हते. आपल्या बेळगावच्या पावसात जास्त, चैत्रात कमी. बोट टेकविल्यावर चिकट तर वाटावे, पण बोटाला काही लागू नये, ही त्याची वेळ. आज मोबाईलवर पंक्चर काढण्याची चित्रफीत कोणालाही पाहता येते आणि आम्हीही असल्या चित्रफिती आवडीने पाहतो. परंतु बोटाला काय वाटले पाहिजे ते पडद्यावर दिसत नाही.

त्यानंतरची इयत्ता म्हणजे चाकाचा आऊट काढणे. जुन्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकास 32 आणि मागच्या चाकास 40 तारा असत. सायकल उलटी करून चाक फिरवावयाचे आणि रिमच्या कडेजवळ खडू स्थिर धरावयाचा. जेथे खडू घासेल तेथे रिम बाहेर आलेली असते. रिम उजवीकडे झुकली असेल तर तेवढ्या भागातल्या डाव्या अंगाच्या तारा आवळावयाच्या, उजव्या अंगाच्या सैल करावयाच्या, तेही एका वेळी अर्धाच फेरा. आम्ही घाईने पुरा फेरा देत असू. मग रिम दुसऱ्या अंगाला कलंडे, ती सरळ करावी तर तिसरीकडे फुगवटा येई, आणि तासाभराने चाक पहिल्यापेक्षा वाईट. अब्बा रागावत नसत. शेजारी बसून म्हणत, “चाक से झगडो नक्को, उसकू मनाव.” पुढे बी.एड.ला शिकण्याच्या उपपत्ती घोकाव्या लागल्या, तेव्हा ‘प्रयत्न व प्रमाद’ हा धडा आम्हांला घोकावा लागला नाही. तो आमच्या बोटांना आधीच पाठ होता.

घरात अम्मीचे यंत्र चाले. झंपराची बाही कापताना तिचा वरचा गोलावा खांद्याच्या घेरापेक्षा किंचित मोठा ठेवावा लागतो आणि शिवताना ते जास्तीचे कापड हलक्या हाताने मुरवावे लागते; नाहीतर हात वर केला की शिवण ओढते. अम्मीची शाळा चौथीपर्यंतच झालेली. कागद न घेता ती हे माप वीत आणि बोटे यांवर काढी. आमच्या भूमितीच्या वहीला दहापैकी दहा गुण होते आणि आम्ही कापलेली एकमेव बाही शेवटी दिवा पुसण्याच्या कामी आली.

गंमत अशी की, आठवीनंतर अब्बांनीच आम्हांला दुकानात बसू दिले नाही. हात काळे करू नकोस, शिकून साहेब हो, असे त्यांचे म्हणणे. त्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्या बोटांच्या भेगांतले ग्रीस ईदच्या दिवशीही निघत नसे. पण कॉलेजची फी भरताना पुन्हा हातच उपयोगी पडले. आम्ही लग्नपत्रिका छापल्या, मंडपांवर दिव्यांच्या माळा चढविल्या, एका भुसारी दुकानात हिशेब लिहिला. तपशील सांगत बसत नाही. एवढेच की, दहावीच्या वर्गात चाळीस मुले एकदम बोलू लागली तर काय करावे, हे आम्ही त्या भुसारी दुकानात बाजाराच्या दिवशी शिकलो.

आता आमच्या दुकानापेक्षा फार मोठ्या सायकल दुकानाची गोष्ट. ते याच बेळगावात होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 1869 साली या जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे काही काळाने उमगले की, आपल्याला काही रंगांतला भेद कळत नाही. रंग सुटले, पण रेघ मारणारा हात सुटला नाही. त्या हाताने त्यांनी यंत्रांची रेखाचित्रे काढण्याची विद्या घेतली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी धरली. 1888 साली बंधू रामूअण्णांसह बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू झाला. सायकल त्या काळी नवलाची वस्तू. ती विकावयाची तर आधी बसावयास शिकवावे लागे आणि मोडली तर दुरुस्तही करून द्यावी लागे. पुढे नोकरी सोडून ते बेळगावास आले आणि कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर तयार करू लागले. शेतकरी नांगराला हात लावीनात; लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत होती. 1910 मध्ये बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी कुंडलजवळ माळ दिला आणि तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

हा इतिहास आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. त्यात आमचा तर्क एवढाच की, ज्याने नव्या यंत्राला बिचकणाऱ्या माणसाला सायकलीवर बसविले, त्यालाच नांगराला बिचकणाऱ्या शेतकऱ्याशी बोलता आले असावे. कलाशाळा, मास्तरकी, दुकानदारी ही वरवर पाहता एकमेकींशी नाते नसलेली कामे. नांगरात ती तिन्ही एकत्र आली.

त्याच कलाशाळेत त्याच सुमारास, 1885 साली, त्र्यंबकेश्वरचा आणखी एक मुलगा दाखल झाला होता. धुंडिराज गोविंद फाळके. तेथून ते बडोद्याच्या कलाभवनात गेले. मग छायाचित्रे काढली, नाटकांचे पडदे रंगविले, जादूचे प्रयोग शिकले, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छापखाना काढला, तीन रंगी छपाई शिकावयास जर्मनी गाठली. नातेवाइकांच्या दृष्टीने हा गृहस्थ एका जागी टिकत नव्हता! परंतु चलच्चित्र करावयाचे म्हटल्यावर यातले काय वाया गेले, सांगा. पैसे देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून रोपाची अनेक दिवसांची वाढ क्षणभरात दाखविली. त्यात छायाचित्रकाराची चिकाटी आहे आणि जादूगाराची नजरही आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. कच्च्या फिल्मला कडेची भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई रात्री अंधारात करीत आणि दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याचकडे. दादासाहेबांच्या तसबिरीला हार घालताना या बाईंच्या हातांची आठवण आपण क्वचितच काढतो.

मोठ्यांच्या गोष्टी ऐकावयास बऱ्या वाटतात. आता एक लहान गोष्ट सांगतो. ती सांगताना आम्हांला थोडी लाज वाटते.

बारा वर्षांपूर्वी आम्ही ट्रस्टच्या विद्यार्थी साहाय्य समितीचे काम पाहत होतो. साठ टक्क्यांखालील अर्ज घ्यावयाचा नाही, हा नियम आहे, आणि तो करताना सूचक म्हणून आमचेच नाव होते. त्या वर्षी आमच्याच वर्गातल्या एका मुलाचा अर्ज आला. दहावीला 47 टक्के. त्याला आय.टी.आय.मध्ये जावयाचे होते. हा मुलगा वर्गात पंखा, घंटा, कुलूप, जे दिसेल ते उघडून बसे, आणि त्याबद्दल आम्ही त्याला दोनदा वर्गाबाहेर उभे केले होते. अर्जावर ‘नियमात बसत नाही’ असा शेरा आहे. अक्षर आमचे आहे.

गेल्या वर्षी मुलांची सहल घेऊन आम्ही उद्यमबागेतील एका फौंड्रीत गेलो. माहिती सांगावयास जो तरुण पुढे आला तो हाच. त्याने वाळूची मूठ दाबून दाखविली. मूठ उघडल्यावर ढेकूळ अखंड राहिले पाहिजे आणि मोडले तर कडा स्वच्छ तुटल्या पाहिजेत. तरच ओल बरोबर. भुरभुरली तर साचा ढासळतो, ओल जास्त झाली तर वाफ धरून ओतकामात पोकळ्या पडतात. मग तो आम्हांला पॅटर्न शॉपमध्ये घेऊन गेला. त्याने मुलांना विचारले, “तीनशे मिलिमीटरचा बिडाचा भाग हवा असेल, तर लाकडी पॅटर्न केवढा करायचा?” मुले म्हणाली, तीनशे. “नाही, तीनशे तीन. बीड निवताना शेकडा एक आकसते. वर कातकामासाठी जास्त ठेवायचे ते वेगळे.” आणि आमच्याकडे वळून म्हणाला, “सर, शेकडेवारी तुम्हीच शिकवली होती. पण ती कशासाठी असते ते इथे कळले.”

त्याने टोमणा मारला नव्हता. तो मनापासून आभार मानीत होता, आणि म्हणूनच आम्हांला तेथे उभे राहवेना.

मधल्या काळात त्याने काय काय केले ते जेवणाच्या सुट्टीत ऐकले. वर्तमानपत्रे टाकली, टेम्पोवर क्लीनर होता, रंगाच्या दुकानात रंग कालविले, लग्नात वाढप्याचे काम केले. टेम्पोवर दोर आवळण्याच्या गाठी आणि ओझ्याचा तोल शिकलो, तो साचे उचलताना कामी येतो, असे तो म्हणाला. रंगाच्या दुकानात मापात माप कसे घालावे ते कळले. पण मंडळी, नाना कामांनी माणूस घडतो असे म्हणून आपण हात झटकू नयेत. त्याची सात वर्षे तुटपुंज्या मजुरीत गेली आणि पायावर तापलेल्या धातूच्या शिंतोड्याचा डाग आहे. दोन वर्षांचे आय.टी.आय. मिळाले असते तर त्यातली निदान चार-पाच वर्षे वाचली असती. तेव्हा आपल्या तिजोरीत पैसे होते. फक्त नियम आडवा होता.

गैरसमज नको म्हणून सांगतो. मुलांना कामाला जुंपा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. 1986 च्या कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालील मुलांना मजुरीस लावणे हा गुन्हा आहे. तो असलाच पाहिजे. खेळता खेळता कुलूप उघडणे निराळे आणि पोटासाठी हातोडा धरणे निराळे. पहिल्याची संधी आपण देत नाही, म्हणून दुसऱ्याची पाळी अडाणीपणी येते. 1937 च्या वर्धा परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना आखली. आम्ही ती बी.एड.ला शिकलो, तिच्यावर प्रश्न सोडविला आणि शाळेत रुजू झाल्यावर कार्यानुभवाच्या तासाला गणिताचा राहिलेला भाग घेऊ लागलो. आमच्या व्यवसायातील बहुतेक मंडळी हेच करतात.

आता ट्रस्टचा संबंध. साठ टक्क्यांच्या नियमात दुरुस्ती करावी आणि साहाय्य निधीचा एक हिस्सा आय.टी.आय.ला जाणाऱ्या मुलामुलींची फी व हत्यारे यांसाठी गुणांची अट न घालता राखून ठेवावा, असा लेखी ठराव आम्ही चिटणीसांकडे दिला आहे. वार्षिक सभेत तो येईल. ज्याने नियम केला त्यानेच तो बदला म्हणावे, हे पाहून काहींना हसू येईल. त्यांनी खुशाल हसावे, पण सभेला यावे आणि हात वर करावा.

दुसरी गोष्ट मागच्या खोलीची. कोणा दात्याने फार पूर्वी दिलेली चार शिलाई यंत्रे तेथे मोडक्या खुर्च्यांखाली पडून आहेत. फौंड्रीतला तो तरुण येथेच बसला आहे. नाव घेतलेले त्याला आवडणार नाही. दर रविवारी दोन तास मुलांसाठी देण्याचे त्याने कबूल केले आहे. आमच्या अम्मीनेही शिवण शिकविण्याचे मान्य केले आहे. डोळ्यांना कमी दिसते, पण बोटे शाबूत आहेत. खोलीची किल्ली आम्ही मागून घेतली आहे. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता ती उघडू. यंत्रांसाठी तेल आणि पेचकस आम्ही आणतो. केरसुणी आणि जुनी फडकी मात्र ज्याने त्याने घरून आणावीत.