इंजेक्शनची भीती आणि लेकीचा गुडघा

मी तुमच्या बचत गटांची सहयोगिनी. एरवी मी कर्ज, हप्ते, शेळीपालन, पापड-मसाले यांवर बोलते. आज एका लेकराच्या आजाराबद्दल बोलणार आहे, कारण त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. त्या ताईंची परवानगी घेतली आहे. नाव मात्र सांगत नाही.

आमच्या एका गटातल्या ताईंची लेक सात वर्षांची. सकाळी उठली की पाय टेकवेना. गुडघा सुजलेला, गरम. दुपारपर्यंत बरी व्हायची आणि खेळायचीही. मग घरचे म्हणायचे, शाळा बुडवायला नाटक करते. कोणी तेल चोळलं, कोणी लेप लावला. "वात म्हाताऱ्यांना होतो, लेकरांना कुठून होणार?" असं सगळेच म्हणत होते.

पण होतो. सोळा वर्षांच्या आत सांधा सुजला, सहा आठवडे झाले तरी सूज उतरली नाही आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर डॉक्टर त्याला बालसंधिवात म्हणतात. अंगाचं रक्षण करणारी शक्ती चुकून आपल्याच सांध्यांवर उलटते. यात आईचा दोष नाही, खाण्यापिण्याचा नाही, कोणाच्या नजरेचा तर नाहीच.

शहरातल्या डॉक्टरांनी तिला आधी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या दिल्या. काही महिन्यांत थोडा फरक पडला, पण सूज राहिलीच. मग ते म्हणाले, आता बायोलॉजिक इंजेक्शन द्यावं लागेल. ताईंनी गटाकडे कर्ज मागितलं. बैठकीत त्यांच्या पुतण्याने त्या औषधाचा माहितीचा कागद मोबाइलवर काढून वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की लहान मुलांमध्ये कॅन्सर आढळले आहेत. सगळ्या गप्प झाल्या. आणि मी, शिकलेली म्हणून जिच्याकडे सगळ्या बघतात ती मी, म्हणाले, "ताई, थांबा जरा. दुखणं परवडलं, पण कॅन्सर नको."

ताई थांबल्या. दोन-अडीच महिने गेले. लेकीचा गुडघा वाकला तो सरळ होईना. ती भिंतीला धरून चालू लागली. ते बघून मला झोप येईना. शेवटी मी ताईंबरोबर डॉक्टरांकडे गेले आणि स्पष्ट विचारलं, त्या कागदावरचं खरं की खोटं? नंतर मिळेल ते वाचलंही. जे समजलं ते आज सांगते.

पहिलं म्हणजे, कागदावरचं खोटं नाही. ही औषधं जिवंत पेशींमध्ये तयार करतात, म्हणून त्यांना बायोलॉजिक म्हणतात. आपल्या अंगात टीएनएफ नावाचा एक पदार्थ असतो. तो सूज पेटवतो. एटॅनरसेप्ट आणि अ‍ॅडॅलिम्युमॅब ही इंजेक्शनं त्यालाच अडवतात, म्हणून सांध्याला आराम पडतो. पण अंगाची ही शक्ती जंतूंशी लढते आणि बिघडलेल्या पेशींवरही नजर ठेवते. मग ती दाबल्यावर कॅन्सर वाढेल का, ही शंका रास्त होती. 2009 मध्ये अमेरिकेच्या सरकारी औषध खात्याने या औषधांच्या कागदावर ठळक इशारा छापायला लावला. मुलांमधल्या कॅन्सरच्या 48 नोंदी त्यांच्यापुढे आल्या होत्या. त्यातल्या साधारण निम्म्या लिम्फोमाच्या, म्हणजे गाठींच्या कॅन्सरच्या होत्या. पण त्यातली बरीच मुलं प्रतिकारशक्ती दाबणारी दुसरी औषधंही घेत होती, आणि काहींना संधिवात नसून आतड्याचा आजार होता.

दुसरं म्हणजे, नुसत्या नोंदींवरून औषधानेच झालं असं ठरत नाही. समजा गावात कोंबडीची लस घेतलेल्या दहा कोंबड्या मेल्या. लस न घेतलेल्या किती मेल्या हे मोजल्याशिवाय लसीला दोष देता येईल का? तशीच मोजणी तिथे झाली. 2012 मध्ये बालसंधिवाताच्या सुमारे 7,800 मुलांचा अभ्यास छापून आला. त्यात दिसलं की संधिवात असलेल्या मुलांमध्ये कॅन्सर इतर मुलांपेक्षा साधारण चौपट होता, आणि टीएनएफची औषधं न घेतलेल्या मुलांमध्येही तो जास्तच होता. म्हणजे थोडा धोका आजाराबरोबरच येतो. टीएनएफच्या औषधांमुळे तो आणखी वाढल्याचं त्या अभ्यासात दिसलं नाही.

चौपट ऐकून घाबरू नका. एरवी दहा हजार मुलांमध्ये वर्षाला एखाद-दोघांना कॅन्सर होतो. त्याच्या चौपट धरलं, तरी दहा हजारांत चार ते आठ. बाकीच्यांना होत नाही. धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. असे कॅन्सर दुर्मीळ असतात, म्हणून पक्कं कळायला खूप मुलं खूप वर्षं बघावी लागतात. तो इशारा आजही कागदावर आहे. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, हे मी त्या बैठकीत पाहिलंच नव्हतं. उपचार न केलेला संधिवात सांधा कायमचा खराब करतो. काही मुलांचे डोळे आतून सुजतात आणि ना दुखता ना लाल होता नजर जाऊ शकते. म्हणून या मुलांचे डोळे ठरावीक दिवसांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावेच लागतात.

आपल्या भागात कॅन्सरपेक्षा जास्त काळजी टीबीची. अंगात दबून असलेला टीबी या इंजेक्शनांनी उठू शकतो. म्हणून सुरू करण्याआधी छातीचा फोटो आणि टीबीची चाचणी झालीच पाहिजे. घरात कोणाला टीबी झाला असेल तर लपवू नका.

आता वहीत लिहून घ्या.

एक. इंजेक्शन चालू असताना ताप आला, खोकला हटेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

दोन. गोवर-रुबेलाची लस किंवा पोलिओचे थेंब देण्याआधी आशाताईंना आणि डॉक्टरांना सांगा की लेकराला हे औषध चालू आहे.

तीन. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं. रोज दिलं तर जिवावर बेतू शकतं. कॅलेंडरवर वार लिहून ठेवा.

चार. इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलं की वाया गेलं. आपल्याकडे वीज जाते, म्हणून कोणाकडे ठेवायचं हे आधीच ठरवा.

पाच. मनाने औषध बंद करू नका. स्टेरॉइड तर एकदम कधीच नाही.

आणि सहावं सगळ्यांसाठी. रक्ताचा कॅन्सर कधी कधी सुरुवातीला सांधेदुखीसारखाच दिसतो. लेकरू रात्री हाडांच्या दुखण्याने उठतं, पांढरं पडतं, ताप जात नाही, वजन घटतं, गाठी येतात, अंगावर निळे डाग पडतात, असं काही असेल तर "वात आहे" म्हणून थांबू नका. डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घ्या, आणि तेही स्टेरॉइड सुरू होण्याआधी, कारण स्टेरॉइडने खरा आजार झाकला जातो.

शाळेत, अंगणवाडीत तपासणीचं पथक येतं, तेव्हा लंगडणारं लेकरू मुद्दाम पुढे करा. खर्चासाठी सरकारी योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

ताईंनी सगळं ऐकून स्वतः निर्णय घेतला. टीबीची तपासणी झाली, गटाने कर्जाचा ठराव केला आणि इंजेक्शन सुरू झालं. लेक आता शाळेत चालत जाते. गुडघा मात्र अजून पूर्ण सरळ होत नाही. रोज व्यायाम करून घेतात. ते अडीच महिने मी परत देऊ शकत नाही. ताईंनी मला कधी बोल लावला नाही, पण मला ते ठाऊक आहे.

म्हणून आमच्या गटात आता एक नियम आहे. औषधाबद्दल शंका आली, तर बैठकीत निकाल लावायचा नाही. दोघी जणी त्या बाईबरोबर डॉक्टरांकडे जायचं आणि कागद दाखवून विचारायचं. विचारायला लाजायचं नाही. तुमच्या गटातही हे बोलून बघा.