सासुरवासाचे इंग्रजी

(मंडळाच्या महिला विभागाच्या अभ्यासवर्गाच्या प्रारंभी दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगलप्रसंगी छळ, जाच, धाक हे शब्द उच्चारणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु म्हैसुरात संसार मांडलेल्या आपल्या लेकीसुनांपैकी कोणावर घरातच कठीण प्रसंग ओढवला, तर तिने तो कोणत्या भाषेत सांगावा, हा प्रश्न मराठी मंडळाच्या कक्षेबाहेरचा नाही, असे आम्हांस वाटते. घरात मराठी, पोलीस ठाण्यात कन्नड, आणि डॉक्टर-वकिलांच्या दालनात पुष्कळदा इंग्रजी, अशी आपली त्रिस्थळी यात्रा असते. दुःख एका भाषेत भोगावे आणि दाद दुसऱ्या भाषेत मागावी, ही अडचण परमुलुखात राहणाऱ्यांच्या वाट्याला अधिक येते. म्हणूनच इंग्रजीच्या या वर्गात आम्ही पत्रलेखनाच्या जोडीला या विषयाचे शब्दही घेतले आहेत.

मराठी या बाबतीत दरिद्री आहे असे कोणी समजू नये. जाच, गांजणूक, कोंडमारा, मुस्कटदाबी, घालूनपाडून बोलणे, पाण्यात पाहणे, धसका घेणे: एवढी बारीक छटांची शब्दसंपत्ती अनुभवावाचून जमत नाही. जात्यावरच्या ओव्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली. १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून तीच भाषा छापील पानावर आणि जाब विचारण्यासाठी वापरली.

मग इंग्रजी कशाला? आपल्या नित्याच्या वाक्यांकडे पाहा. ‘तिला फार सासुरवास आहे’, ‘तिच्या नशिबी जाच आला’, ‘तिला सुख लागले नाही’. या तिन्ही वाक्यांत दुःख आहे, दुःख सोसणारी आहे. दुःख देणारा मात्र कोठेच नाही. जणू ऊन-पावसाप्रमाणे ते आकाशातून पडले! ‘छळणे’, ‘गांजणे’ ही कर्ता मागणारी क्रियापदे आपल्याजवळ आहेत. पण घरातील माणसाविषयी बोलताना भिडेपोटी आपण कर्ता गाळतो. इंग्रजीतील ‘अब्यूज’ या शब्दाच्या पाठोपाठ ‘कोणी केला?’ हा प्रश्न येतो. कोर्टकचेरीत तर तो यावाच लागतो.

परभाषेचा असा उपयोग एका मराठी स्त्रीने शतकापूर्वीच केला होता. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. त्यांनी नांदायला यावे म्हणून पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘अ हिंदू लेडी’ या टोपणनावाने इंग्रजी पत्रे प्रसिद्ध झाली; ती रखमाबाईंची होती. बालविवाहाने मुलीच्या शिक्षणाची आणि मनाची होणारी हानी त्यांनी तेथे राज्यकर्त्यांना समजेल अशा भाषेत मांडली. मार्च १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिन्यांपर्यंतचा तुरुंगवास भोगा, असा निर्णय झाला, तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दर्शविली. १८८८ साली तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडात शिकून डॉक्टर झाल्या आणि मायदेशी परतून त्यांनी रुग्णसेवा केली.

रखमाबाईंना कायद्याचा शब्द अनुकूल नव्हता. आज तो बराच अनुकूल आहे. १९८३ साली भारतीय दंड संहितेत आलेल्या ४९८-अ कलमाने क्रूरतेच्या व्याख्येत शरीरासोबत मनाचे आरोग्यही धरले. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांत आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याने हिंसेचे चार प्रकार सांगितले: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक. या कायद्याखालील घटना-अहवालाचा नमुना अवश्य वाचावा. चारित्र्यावर शिंतोडे, मुलगा झाला नाही म्हणून अपमान, नोकरीला मज्जाव, घराबाहेर पडण्यास बंदी, पगार काढून घेणे, आत्महत्येची धमकी देणे, हे सारे तेथे नोंदले आहे. आपल्या आज्या ज्याला ‘एवढे तर चालायचेच’ म्हणत, त्यातील पुष्कळसे त्या छापील कागदावर आहे.

आता काही नवे शब्द. ‘ट्रॉमा’ हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ जखम. शरीराच्या जखमेवरून तो मनाच्या जखमेकडे आला. आघातानंतर दीर्घकाळ टिकणाऱ्या विकाराला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली आपल्या सूचीत स्थान दिले. प्रसंग टळून वर्षे लोटली तरी दाराची कडी वाजताच छातीत धस्स होते, त्याला आपण ‘धसका’ म्हणत आलोच आहोत. ‘गॅसलाइटिंग’ हा शब्द पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ च्या नाटकावरून आला. त्यात नवरा बायकोला स्वतःच्याच डोळ्यांवर आणि स्मरणावर संशय घ्यायला लावतो. आपल्याकडे याला ‘वेडी ठरवणे’ म्हणतात. ‘कोअर्सिव्ह कंट्रोल’ म्हणजे धाकाने ताब्यात ठेवणे. त्यात हात न उगारताही माणूस बांधला जातो. इंग्लंडात २०१५ च्या कायद्याने हा गुन्हा ठरला. आणि म्हैसुरात राहणाऱ्यांनी कन्नडमधील ‘किरुकुळ’ हा शब्दही विसरू नये. ठाण्यात जाच म्हटल्याने जे कळणार नाही, ते त्याने तत्काळ कळेल.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. नवा शब्द हाती आला की तो जागोजागी वापरण्याचा मोह होतो. प्रत्येक रुसवा म्हणजे छळ नव्हे, आणि प्रत्येक कडक सासू ‘टॉक्सिक’ नव्हे. भांडणात दोघेही बोलतात; छळात एक बोलतो आणि दुसरे माणूस तोंड उघडण्यापूर्वी त्याचा चेहरा न्याहाळते. हा भेद ओळखूनच शब्द योजावा, म्हणजे खऱ्या प्रसंगी त्याचे वजन राहील.

आपल्याच शहरात, मानसगंगोत्रीच्या परिसरात, १९६९ साली स्थापन झालेली भारतीय भाषा संस्था आहे. एका भाषेतील अर्थ दुसरीत नेण्याचे महत्त्व म्हैसूरकरांना वेगळे सांगायला नको. या वर्गातही तेच करावयाचे आहे. वहीच्या एका बाजूस इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूस आपला शब्द, आणि खाली कर्त्यासह पूर्ण वाक्य. मदतीसाठी महिलांचा १८१ आणि मानसिक आरोग्याचा १४४१६ हे दूरध्वनी क्रमांकही पहिल्याच पानावर लिहावेत.

बंधूंना शेवटी एक विनंती. उद्या एखादी मुलगी इंग्रजी शब्द वापरून काही सांगू लागली, तर ‘हे कुठले नवे फॅड’ म्हणून तिला थांबवू नका. मराठीत सांगितले असते तर आईला रडू येईल, वडिलांची मान खाली जाईल, या भीतीने तिने कदाचित परक्या शब्दाचा आडोसा घेतला असेल. तिचे बोलणे शेवटपर्यंत ऐकावे आणि मग आपल्या भाषेत विचारावे, ‘बाळ, कोणी, काय केले?’